नगरच्या वाचनालयातली नऊ फुटांची खोली

नगरला जाते आहे म्हटल्यावर राजापुरात प्रत्येकानं एकच विचारलं, "शिर्डीला की शनीला?" मी म्हणायची, "वाचनालयाला." शेजारच्या काकू तेवढ्या म्हणाल्या, "तिकडे थंडी असते गो, कानाला बांधायला ने." सगळ्या तयारीत तो एकच सल्ला कामाला आला.

मी बांधकाम खात्याच्या कचेरीत आरेखक होते. इमारतींचे नकाशे काढण्यात सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, पट्टी-पेन्सिल सुटली. पण एका जुन्या साहेबांनी माझं नाव सुचवलं आणि नगरहून देशमाने सरांचा फोन आला. ते तिथल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल. म्हणाले, "इमारत शंभरीच्या पुढची आहे. छप्पर गळतंय. दुरुस्ती करायची तर आधी नकाशा आणा म्हणतात, आणि आमच्याकडे नकाशाचा कपटासुद्धा नाही. शनिवारी कार्यकारिणीची बैठक आहे. तोवर होईल का?"

मी हो म्हणून बसले.

सोमवार

एसटीच्या पाटीवर 'अहिल्यानगर' होतं आणि कंडक्टर 'नगर, नगर' ओरडत होता. दोन्ही नावांनी माणसं उतरली.

आमच्याकडे रस्ता सारखा वळतो, पुढं काय आहे ते वळण संपेपर्यंत कळत नाही. इथं सगळं आधीच दिसतं. लांबवर एक झाड, झाडाखाली एक माणूस, आणि त्या माणसापर्यंत पोचायला पाच मिनिटं. शेवटचे दोन तास मी खिडकीशी अशी बसले होते, की झोपले होते का जागी होते ते आजही सांगता येणार नाही. ज्वारीची शेतं, मधेच उघडी माती, पुन्हा ज्वारी. कुठं आवाज नाही, कुठं ओलावा नाही.

वाचनालय कापडबाजाराच्या मागं एका गल्लीत आहे. रिक्षातून उतरले आणि समोर बघत उभीच राहिले. काळ्या दगडाची दुमजली इमारत, दर्शनी पाच कमानी, मधली थोडी मोठी. आमचा जांभा दगड भिजला की लाल होतो, वाळला की तपकिरी. हा काळा दगड संध्याकाळच्या उन्हात चक्क निळा दिसत होता. कमानींच्या सांध्यांतला चुना पांढरा रेघेसारखा उठून दिसत होता, जणू कुणी आधीच पेन्सिलीनं आखून ठेवलंय.

आत एकच मोठं दालन. वर पाहिलं तर मान दुखावी इतकं उंच. तीन बाजूंनी सज्जा, त्याला खालून बिडाचे बारीक खांब. छपराच्या सागवानी कैच्या, म्हणजे कौलांचा भार पेलणारे लाकडी त्रिकोण, एकामागं एक लांबवर गेलेल्या. भिंतीच्या अगदी वरच्या कडेला झरोक्यांची रांग, त्यातून ऊन तिरपं खाली येत होतं आणि वाचणाऱ्यांच्या डोक्यांवर पडत होतं. पन्नासेक माणसं असतील. पानं उलटल्याचा आवाज तेवढा. मला एकदम वाटलं, आपण पाण्याखाली आलोय.

"झोप येते ना?" देशमाने सर हळूच म्हणाले. "सगळ्या नवीन माणसांना येते. जुन्यांनाही येते."

मुक्काम त्यांच्याच घरी होता. त्यांच्या पत्नी मंगलताईंनी हुलग्याचे शेंगोळे केले होते. आमच्याकडे कुळथाचं पिठलं होतं. त्याच कुळथाला इकडं हुलगा म्हणतात आणि त्याच्या पिठाच्या वळकट्या करून रश्शात शिजवतात, हे मला माहीतच नव्हतं. लसणाचा ठसका असा, की थंडी कानांतून निघून गेली. "कोकणात भातच खाता ना तुम्ही?" मंगलताईंनी विचारलं, आणि माझ्या ताटात बाजरीची दुसरी भाकरी अशा काळजीनं वाढली, जणू मी इतकी वर्षं उपाशीच होते.

मंगळवार

सकाळी टेप, ओळंबा आणि वही घेऊन मी कामाला लागले. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. मी ते खिळ्याला अडकवण्याची धडपड करत होते, तेवढ्यात खिडकीशी बसलेली एक मुलगी उठून आली.

"मॅडम, धरू का? बसून बसून पाय मेलेत माझे."

तिचं नाव सविता. वय चोवीस, गाव तिसगाव. घरी बाजरी-कापसाची शेती. ती इथं खोली करून राहते आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. सकाळी आठला दार उघडायच्या आधी पायरीवर हजर असते.

"रोज?" मी विचारलं.

"रोज. खोलीवर आमी चौघी हाय. तिथं कसला अभ्यास हुतोय? हितं लई शांत वाटतं. आन खिडकीची जागा एकदा गेली की गेली."

आम्ही दोघींनी दुपारपर्यंत दालन मोजलं. मग बाहेरून इमारत मोजली. कमानी, भिंती, मागची गल्ली. मागच्या अंगाला एक मोठा कडुलिंब आहे, त्याखाली बसून मी बेरजा केल्या. पुन्हा केल्या.

बाहेरून लांबी ब्याऐंशी फूट. आतून अडुसष्ट. पुढची भिंत दोन फुटांची, मागची दोन फुटांची. मागच्या कपाटांमागं मधली एखादी भिंत असेल, तिचा एक फूट. तरी नऊ फूट कमी पडत होते.

"माझीच चूक आसंल," सविता म्हणाली. "टेप ढिला धरला का काय."

आम्ही परत मोजलं. परत नऊच.

मी गल्लीतून वर पाहिलं. वरच्या मजल्याच्या उंचीवर दोन छोट्या खिडक्या होत्या, फळ्या ठोकून बंद केलेल्या. देशमाने सरांना बोलावलं. ते म्हणाले, "त्या होय? त्या शेजारच्या इमारतीच्या आहेत." आम्ही शेजारच्या इमारतीत गेलो. तिथले गृहस्थ म्हणाले, "त्या? त्या तुमच्या आहेत."

देशमाने सर गल्लीत कडुलिंबाखाली उभे राहिले. "एकवीस वर्षं," ते म्हणाले. "एकवीस वर्षं मी या इमारतीत आहे, बाई."

बुधवार

सज्ज्याच्या मागच्या भिंतीला जुन्या मासिकांचं एक भलंमोठं कपाट होतं. त्याच्या शेजारी दालनाकडे तोंड करून जगाचा जुना नकाशा टांगलेला. दहा-बारा मुलामुलींनी हातोहात मासिकं उतरवली. कपाट सरकलं आणि मागं दार दिसलं. कुलूप नव्हतं. रंगाच्या थरांनीच ते चिकटून बसलं होतं. देशमाने सरांनी खांदा लावला, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि ते आतल्या बाजूला उघडलं.

जुन्या कागदाचा आणि कडुलिंबाचा वास आला. फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या चार-पाच रेघा आत उतरल्या होत्या आणि धूळ त्यांतून सावकाश वर चालली होती. नऊ फूट रुंद, पंचवीसेक फूट लांब खोली. मधे बुटकं, लांबलचक मेज. खाली काथ्याच्या चटयांचे अवशेष. दालनाकडच्या भिंतीत सागवानी जाळी, नक्षी इतकी बारीक की करंगळी जाऊ नये. ती बाहेरून त्या जगाच्या नकाशानं झाकली होती. कोपऱ्यात एक गोल दगडी जिना खाली अंधारात उतरत होता आणि विटांच्या भिंतीला जाऊन थांबत होता. जाळीशेजारी भिंतीत चौकोनी भोक, त्यावर लाकडी कप्पी, कप्पीला सुतळीचा तुकडा. आणि छताच्या तुळईत दोन लोखंडी कड्या.

"ह्या पाळण्याच्या हायेत," सविता वर बघत म्हणाली. "आमच्या घरी अशाच हायेत."

तेव्हा मला कळलं. ही बायकांची खोली होती. मागच्या गल्लीतून, मागच्या जिन्यानं यायचं, जाळीआड बसून वाचायचं.

खरं सांगते, मी त्या खोलीच्या प्रेमात पडले. माझी सगळी नोकरी एका मोठ्या हॉलमध्ये गेली, सतरा टेबलं पुरुषांची आणि एक माझं. पेन्सिल खाली पडली तरी सगळे वळून बघायचे. अशी एखादी खोली मला मिळाली असती तर, असं मनात येत राहिलं. दुपारभर मी तिथं एकटी बसले. मापं घ्यायची होती ती घेतलीच नाहीत. नऊवारीतल्या बायका मेजाभोवती मांडी घालून बसल्यात, पाळणा हलतोय, कुणी ओठ हलवत वाचतंय, असं सगळं डोळ्यांपुढं येत होतं. पारवे घुमत होते. डुलकी लागली असावी, कारण देशमाने सर चहा घेऊन आले तेव्हा मी मेजावर डोकं टेकून होते.

त्याच संध्याकाळी घाईनं मापं घेऊन मी ती खोली कागदावर काढली. खिडक्या उघडलेल्या, जिना मोकळा केलेला, आणि मधे सुबक अक्षरांत लिहिलं, 'महिला वाचन कक्ष'. कार्यकारिणीचे अध्यक्ष बघायला आले होते. शहरातले जुने वकील, बोलायला अगदी मृदू. नकाशा बघून खूश झाले.

"वा, बाई! ही तर देवानंच सोय केली. दालनात हल्ली मुली दिवस दिवस खुर्च्या धरून बसतात, ज्येष्ठ सभासदांच्या तक्रारी येतात. त्यांची इकडं स्वतंत्र व्यवस्था होईल. सुरक्षित. आणि जिनासुद्धा वेगळा!"

मी मान डोलावली. सविता मागं उभी होती. ती परत जाऊन खिडकीशी बसली.

शुक्रवार

सभासदांच्या जुन्या वह्या चाळताना देशमाने सरांना स्त्रियांची वेगळी पानं सापडली. शेवटच्या पानावरचं शेवटचं नाव वाचून ते हसायला लागले. "इंदूताई! अहो, यांनी मला आठवीत गणित शिकवलंय. जवळच राहतात. नव्वदीच्या आहेत, पण अजून पाढे विचारतात."

इंदूताई रिक्षानं आल्या. बारीक चणीच्या, पांढरी सुती साडी, पायांत बूट आणि मोजे. सवितानं हात पुढं केला तो त्यांनी धरला, पण सज्ज्याचा जिना चढल्या स्वतःच्या जोरावर. प्रत्येक वळणावर थांबून दम घेत. दारात आल्यावर आत न जाता उंबऱ्याशीच उभ्या राहिल्या.

"मी म्हणत होते मोठी असेल," त्या म्हणाल्या. "एवढीशीच होती होय?"

मी त्यांना मेजापाशी खुर्ची दिली आणि उत्साहानं सगळं सांगितलं. जाळी कशी साफ करणार, खिडक्या कशा उघडणार. म्हटलं, "किती छान वाटत असेल ना तुम्हाला इथं बसून वाचायला?"

"छान?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "उन्हाळ्यात इथं भाजून निघायचो आम्ही. या जाळीतून खाली पुरुषांची टकलं दिसायची, पुस्तकं दिसायची नाहीत. त्या भोकातून टोपली सोडायची. चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहून टोपलीत टाकायचं, आणि खालचा माणूस वर पाठवेल ते वाचायचं."

"म्हणजे मागाल ते नाही?" सवितानं विचारलं.

"मी ताऱ्यांवरचं पुस्तक मागितलं होतं. सोळा वर्षांची होते. आमच्या गच्चीवरून मृग नक्षत्र दिसायचं, ते किती लांब आहे ते मला काढायचं होतं. टोपलीत काय आलं? पतिव्रतांच्या कथा. मला वाटलं चुकलं असेल. परत चिठ्ठी टाकली. स्वयंपाकाचं आलं. तिसऱ्यांदा मोठ्या अक्षरांत लिहिलं. तर चिठ्ठीच परत आली, मागं लिहिलेलं, 'हे आपल्या उपयोगाचे नाही.'"

"मग?"

"मग मी या जिन्यानं खाली उतरले, गल्लीतून वळसा घातला, आणि पुढच्या दारानं दालनात गेले." इंदूताईंनी जाळीकडे बोट दाखवलं. "पानं उलटायचा आवाज बंद झाला. तो आवाज बंद झाला की कसं वाटतं ते तुम्हाला नाही कळायचं. ग्रंथपाल उठून म्हणाले, बाई, तुमचा जिना मागं आहे. मी म्हटलं, जिना ठाऊक आहे मला, ताऱ्यांचं पुस्तक कुठं आहे ते दाखवा."

"दाखवलं?"

"नाही. मीच शोधलं. मिळाल्यावर बाकावर बसले आणि बंद होईपर्यंत बसून राहिले. एक अक्षर वाचलं नाही त्या दिवशी. डोळ्यांपुढं सगळं नाचत होतं. पण उठले नाही."

सविता त्यांच्या पायाशी चटईवर बसली होती. "घरी वरडले आसतील."

"वडील इथल्याच मंडळावर होते. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, चल. मला वाटलं माफी मागायला नेताहेत. तर ते माझ्याबरोबर पुढच्या दारानं आत आले आणि समोरच्या मेजावर वर्तमानपत्र वाचत बसले. पुढच्या महिन्यात माझी मैत्रीण आली. मग तिची जाऊ. वर्षभरात इथं वर यायला कुणी उरलंच नाही, म्हणून दार लावून टाकलं. तुला काय वाटलं, ही खोली आमच्याकडून हिसकावून घेतली?" हे त्या मला म्हणाल्या. "आम्ही सोडून गेलो तिला."

मी माझा कागद गुंडाळून मांडीवर ठेवला होता. त्यांनी तो मागितला, चष्मा वर-खाली करत बारकाईनं पाहिला. "रेघ चांगली आहे तुझी," म्हणाल्या. मग मधल्या अक्षरांवर बोट ठेवलं. "हे कुणी सांगितलं लिहायला?"

"मीच लिहिलं," मी म्हणाले.

सविता त्या वेळी बोलली, माझ्याकडे न बघता. "मॅडम, खोली लई भारी हाय. पर आमाला हिकडं ढकलू नका. खाली सगळ्यांच्यात बसलं की आपुनबी त्यातलंच वाटतं. बुधवारपास्नं मला सांगायचं हुतं, पर धीर झाला न्हाई."

मला फार लाज वाटली. ती दोन दिवस माझ्या टेपचं टोक धरून फिरली होती, आणि मी तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं.

शनिवार

बैठक दालनाशेजारच्या कचेरीत झाली. नऊ सभासद, मी आणि देशमाने सर. छपराचे नकाशे मी आधी मांडले. कैच्या सगळ्या ठणठणीत आहेत, दोनच तुळयांची टोकं कुजलीत, तेवढी कापून नवी लाकडं जोडता येतील. स्लॅब टाकायची गरज नाही. कौलं उतरवून तपासली तर मागं आमच्याच किनाऱ्यावरच्या कारखान्याचा शिक्का, माझ्या राजापूरच्या घरावर आहेत तशीच. यावर कुणाचं दुमत झालं नाही.

मग खोलीचा कागद. मधली अक्षरं मी रात्रीच खोडली होती.

"इथं काहीतरी लिहिलं होतं ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो. चुकलं होतं माझं."

मी इंदूताईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. टोपली, चिठ्ठी, पुढचं दार. मला सभेत बोलायची सवय नाही. मधे पाणी प्यायला थांबावं लागलं. म्हटलं, खोली उघडा, जाळीवरचा जगाचा नकाशा उतरवा, पण दार सज्ज्यातूनच ठेवा आणि सगळ्यांसाठी ठेवा. मागचा जिना विटांनी बंद आहे तो तसाच राहू द्या.

अध्यक्षांचा मृदूपणा थोडा कमी झाला. "बाई, तुम्ही नकाशा काढायला आलात. व्यवस्था आम्ही बघू."

"खरंय," मी म्हणाले. "पण मी तो नकाशा तसा काढणार नाही. हवं तर दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या."

मग देशमाने सर उभे राहिले. एकवीस वर्षांत ते बैठकीत इतिवृत्त लिहिण्याखेरीज काही बोलले नव्हते, असं मला नंतर मंगलताईंनी सांगितलं.

"साहेब, खुर्च्यांची तक्रार असेल तर खुर्च्या वाढवू. सज्ज्यात तीस माणसं सहज बसतील. मुलींना उठवा असं मला सांगू नका. माझ्याच्यानं होणार नाही."

चर्चा तासभर चालली. शेवटी हात वर झाले तेव्हा माझ्या कागदाच्या बाजूनं पाच आणि विरुद्ध तीन झाले. अध्यक्षांनी हात वर केलाच नाही, पण कागदावर सही केली आणि जाताना मला म्हणाले, "माझी आत्या यायची त्या जिन्यानं. पुढं काय झालं तिचं, कधी विचारलंच नाही आम्ही." मग ते चप्पल घालून गेले.

रविवार

माझी गाडी दुपारची होती. सकाळी शेवटची दोन मापं राहिली होती म्हणून गेले. मुलांनी जाळीवरचा जगाचा नकाशा उतरवला होता. जाळीतून पहिल्यांदाच दालनातला उजेड खोलीत येत होता, आणि मेजावर त्याची नक्षी पडली होती. मापं पाच मिनिटांत झाली. मग मी जाळीशी बसले.

खाली सगळे वाचत होते. झरोक्यांतलं ऊन बाकांवरून हळूहळू सरकत होतं. एक आजोबा वर्तमानपत्र छातीवर ठेवून झोपले होते. सविता खिडकीशी होती, ओठांत पेन्सिल धरून. मधेच तिनं मान वर केली, सरळ माझ्याकडे पाहिलं असं मला वाटलं, मी हात हलवला. पण तिला जाळीखेरीज काही दिसलं नसणार. तिनं परत पुस्तकात डोकं घातलं.

किती वेळ गेला कोण जाणे. छान वाटत होतं. आणि मग हळूहळू वाटेनासं झालं. मी इथं आहे हे खाली एकालाही ठाऊक नव्हतं.

मी वही मिटली, सज्ज्याचा जिना उतरले आणि दालन ओलांडून सवितासमोरची खुर्ची ओढली. खुर्ची करकरली, दोघा-तिघांनी वर पाहिलं. सवितानं आपली पुस्तकं थोडी अलीकडे ओढली आणि मला मेजावर जागा करून दिली.